तीन हजारांत ‘जागेवर मिटवलेला’ अपघात

हे प्रकरण कुणा एकाचं नाही. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या कोर्टांत आणि अपघात दावा न्यायाधिकरणांसमोर ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात, त्या एकत्र करून ते बांधलं आहे. माणसं काल्पनिक आहेत, कायदा आहे तोच आहे.

जानेवारी २०२५, रविवार, संध्याकाळी सातला वीस मिनिटं कमी. साखर हंगाम जोरात. रस्त्यावर उसाने लादलेले ट्रॅक्टर, प्रत्येकामागे दोन ट्रॉल्या, आणि शेवटच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला. अनुदानित शाळेत शिकवणारे एक सर बायकोला आणि लहान मुलीला घेऊन सांगलीहून कोल्हापूरला निघालेले. गाडी सासऱ्यांच्या नावावर. जयसिंगपूर सोडून हातकणंगलेकडे जाताना त्यांनी असाच एक ट्रॅक्टर ओलांडला आणि समोरून एसटी येताना दिसली म्हणून गाडी घाईने डावीकडे घेतली. तिथे कडेने एक मोपेड चालली होती. गाडीच्या डाव्या आरशाचा धक्का लागला आणि मोपेडवरचे काका, वय अठ्ठावन्न, डोक्यावर हेल्मेट नाही, कडेच्या मुरुमात पडले.

सरांनी गाडी थांबवली. उतरून ते धावत काकांकडे गेले. काका तोवर स्वतःच उठून बसले होते. कोपर सोलवटलेलं, पँट गुडघ्यावर फाटलेली. “कानाच्या वर जरा ठणकतंय,” एवढंच म्हणाले. शेजारच्या चहाच्या टपरीवरची दहा-बारा माणसं जमली. कुणी पाणी दिलं, कुणी मोपेड उभी केली.

“काका, चला, दवाखान्यात दाखवून घेऊ.”

“काय झालं नाही मला. दवाखाना कशाला? इंडिकेटर फुटलाय, तेवढं बघा.”

गर्दीतला एक जाणता पुढे झाला. “सर, जागेवर मिटवून टाका. केस झाली की दोघांनाबी हेलपाटं.” आकडा तीन हजारांवर ठरला. सरांच्या खिशात रोख नव्हती, काकांच्या फोनवर यूपीआय नव्हतं. मग टपरीच्या क्यूआर कोडवर तीन हजार गेले आणि टपरीवाल्याने गल्ल्यातून नोटा मोजून काकांच्या हातात दिल्या. व्यवहाराची वेळ: ६ वाजून ५८ मिनिटं. नाव, पत्ता, फोन नंबर कुणी विचारला नाही, सरांनीही दिला नाही. एका पोराने मात्र गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढून ठेवला. सात वाजता सगळे आपापल्या वाटेला लागले.

रात्री अकराच्या सुमारास काकांचं डोकं भयंकर दुखू लागलं, उलट्या सुरू झाल्या. मुलाने मिरजेला नेलं. सीटी स्कॅनमध्ये कवटीखाली रक्त साचलेलं दिसलं. पहाटे ऑपरेशन झालं आणि काका वाचले. डोक्याला मार लागल्यावर माणूस काही तास ठणठणीत बोलतो, चालतो आणि मग अचानक कोसळतो, हे मेंदूच्या डॉक्टरांना नवं नाही. टपरीवरच्या गर्दीला ते कसं ठाऊक असणार?

अपघाताचा रुग्ण म्हणून रुग्णालयाने पोलिसांना कळवलं. सकाळी मुलाचा जबाब झाला आणि गुन्हा नोंदला गेला: भारतीय न्याय संहिता कलम २८१ (बेदरकार गाडी चालवणं) आणि १२५(ब) (त्यातून गंभीर दुखापत), मोटार वाहन कायदा कलम १८४ (धोकादायक गाडी चालवणं) आणि १३४(अ)(ब) सह १८७ (अपघातानंतरची कर्तव्यं न पाळणं). फिर्यादीतलं शेवटचं वाक्य असं: ‘जखमीस औषधोपचाराची व्यवस्था न करता व अपघाताची खबर न देता निघून गेला.’

सरांना सगळ्यात जास्त हेच वाक्य लागलं. “मी पळून गेलो? वीस मिनिटं थांबलो, पैसे दिले, दवाखान्यात चला म्हणालो!” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण फिर्यादीतलं वाक्यही खोटं नव्हतं, आणि प्रकरणाचा सगळा पेच इथेच आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १३४ अपघात कुणाच्या चुकीने झाला ते विचारतच नाही. वाहनाच्या अपघातात माणूस जखमी झाला किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, की चालकावर कर्तव्य येतं. समोरचा उलट दिशेने आला असो, दारू प्यायलेला असो किंवा तुमच्या थांबलेल्या गाडीवर येऊन आदळला असो. “माझी चूक नव्हती, मग मी का कळवू?” हा प्रश्न वकिलांच्या टेबलावर रोज येतो. चूक नव्हती हे सांगण्याची पहिली आणि सगळ्यात विश्वासार्ह संधी त्या कळवण्यातच असते, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येत नाही.

कलमात तीन कामं सांगितली आहेत. पहिलं, जखमीला वैद्यकीय मदत मिळावी म्हणून शक्य ते सगळं करायचं, म्हणजे जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोचवायचं. जमावाचा प्रक्षोभ किंवा आवाक्याबाहेरचं दुसरं कारण असेल तरच यातून सुटका. दुसरं, पोलीस हजर असतील तर ते विचारतील ती माहिती द्यायची. हजर नसतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, आणि काही झालं तरी २४ तासांच्या आत, घटना कळवायची. जखमीला मदत करता आली नसेल तर ती का, हेही त्यात सांगायचं. तिसरं विमा कंपनीचं, त्याकडे पुढे येतो. यात कसूर झाली तर कलम १८७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे. त्याआधी पहिल्या वेळचा दंड ५०० रुपये होता.

आता काकांचा नकार. जखमी माणूसच नको म्हणाला, तर चालकाने काय करायचं? उचलून न्यायचं? कलम १३४(अ) चं वाक्य लांबलचक आहे. चालकाचं कर्तव्य आणि डॉक्टरचं कर्तव्य एकाच वाक्यात बांधलंय, आणि ‘जखमीची इच्छा वेगळी असेल तर’ हा अपवाद अगदी शेवटी येतो. तो फक्त डॉक्टरला लागू की चालकालाही, यावर वाद घालता येतो आणि सरांच्या वकिलांनी तो घातलाही. माझ्या मते, शहाण्या माणसाने स्पष्ट नकार दिला असेल तर चालकाने ‘शक्य ते’ केलं असंच मानायला हवं. पण त्यासाठी नकार सिद्ध व्हावा लागतो. टपरीवरचे दहाजण कोर्टात येत नाहीत. काका म्हणतात, मला नीट आठवत नाही, आणि डोक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला त्याबद्दल दोष कोण देणार? मुलगा तर तिथे नव्हताच.

अशा वेळी करण्यासारखी एक साधी गोष्ट होती: १०८ ला फोन. रुग्णवाहिका आली असती, काकांनी तिथेही नको म्हटलं असतं तर त्या नकाराची नोंद झाली असती. कदाचित त्यांनी नकार दिलाही नसता. गाडीवाल्याला ‘नको’ म्हणणारा माणूस पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरला सहसा ‘नको’ म्हणत नाही. किंवा ११२ ला फोन, तिथे वेळेसकट नोंद होते. रुग्णालय पोलीस केस म्हणून दारातून परत पाठवेल ही भीतीही जुनी झाली. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आधी उपचार, सोपस्कार नंतर, आणि कलम १३४ मध्ये डॉक्टरवर नेमकं तेच बंधन लिहिलेलं आहे.

नकाराचा मुद्दा मान्य केला तरी दुसरं काम उरतंच. काकांना दवाखाना नको होता म्हणून पोलिसांना कळवण्याची गरज संपत नाही. त्या दोन गोष्टी कायद्याने एकमेकींवर अवलंबून ठेवलेल्या नाहीत. तीन हजारांनी फार तर इंडिकेटर मिटतो. दोन माणसांनी आपसात मिटवलं म्हणून पोलिसांना कळवण्याचं कर्तव्य मिटत नाही, कारण ते कर्तव्य काकांप्रति नव्हतंच.

सोमवारी सकाळी अकराला पोलिसांचा फोन आला, तोही आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, नाव असलेल्या सासऱ्यांना. गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं तर सांगणं मालकाला कलम १३३ प्रमाणे भाग आहे. सासऱ्यांनी “थोड्या वेळाने कळवतो” म्हणून फोन ठेवला. दुपारी बाराला सर आणि सासरे वकिलांच्या ऑफिसात बसले होते. पुढच्या तासाभरात तिथे जे बोलणं झालं, ते या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे.

एव्हाना एक खोटं होऊनही गेलं होतं. सकाळी साडेनऊलाच सरांनी विमा एजंटला आरसा आणि दाराच्या पोच्याचे फोटो पाठवले होते. एजंटाने सवयीप्रमाणे ऑनलाइन क्लेम टाकला आणि अपघाताच्या वर्णनात लिहिलं, ‘पार्किंग करताना खांबाला घासली’. “थर्ड पार्टी, म्हणजे दुसरं कुणी, दाखवली की एफआयआर मागतात, उगाच लफडं,” असा त्याचा हिशोब. कलम १३४(क) काय सांगतं? पॉलिसी क्रमांक आणि मुदत, अपघाताची तारीख, वेळ, जागा, जखमींचा तपशील, चालकाचं नाव आणि लायसन्स, एवढं विमा कंपनीला लेखी कळवा. त्या जागी आता सरांच्या नावाने खांब नोंदलेला होता.

दुसरी कल्पना सासऱ्यांची. “मी चालवत होतो म्हणून सांगतो. माझं रिटायरमेंट झालंय, ह्यांची नोकरी आहे.” बोलण्यात माया होती, तरी आरोपी बदलणं हा वेगळा गुन्हा. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर घरच्या ड्रायव्हरला गुन्हा अंगावर घ्यायला लावल्याचे आणि रक्ताचा नमुना बदलल्याचे आरोप झाले, आणि मूळ अपघाताशी थेट संबंध नसलेली माणसं तुरुंगात गेली. इथे तर टपरीच्या क्यूआरवर सरांच्याच खात्यातून पैसे गेले होते.

तिसरी कल्पना स्वतः सरांची. नेटवर वाचून आले होते. “जमाव होता, बायको-मुलगी गाडीत होती, भीतीने निघालो असं म्हटलं तर? कायद्यात सूट आहे ना?” सूट आहे, आणि ती खरी आहे. आपल्याकडे अपघातानंतर चालकाला मारहाण होते, गाड्या पेटवल्या जातात. म्हणूनच संसदेने ते शब्द घातले. अशा वेळी निघून सरळ पोलीस ठाण्यात जाणारा चालक कायद्याच्या संरक्षणात असतो. पण ज्या जमावाने पाणी दिलं, मोपेड उभी केली आणि चहाच्या गल्ल्यातून नोटा मोजून दिल्या, त्याला प्रक्षुब्ध कसं म्हणायचं? ६ वाजून ५८ मिनिटांचा तो व्यवहार दोन्ही बाजूंनी बोलत होता. सर पळाले नाहीत हे तो सांगत होता, आणि सरांना कुणी पळवून लावलं नाही हेही.

वकिलांनी तिन्ही गोष्टी बाजूला ठेवल्या. अपघाताला अजून २४ तास झाले नव्हते, संध्याकाळी सहा चाळीसपर्यंत वेळ होती. एका कोऱ्या कागदावर साध्या मराठीत अर्ज लिहिला गेला: तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचा क्रमांक, चालक कोण, मालक कोण, काय घडलं, जखमीला काय विचारलं, तो काय म्हणाला, पैसे कसे दिले, रुग्णालयात का नेलं नाही, आणि पोलिसांना रात्रीच का कळवलं नाही. शेवटच्या मुद्द्यावर सर अडखळले. उत्तर साधं होतं, मिटलं असं वाटलं. तेच लिहिलं.

“हे लिहून मी गुन्हा कबूल करतोय का?” ही शंका रास्त आहे. घटना कळवणं आणि दोष मान्य करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ओव्हरटेक करून डावीकडे येताना गाडीचा आरसा मोपेडला लागला’ ही घटना झाली. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ हे शब्द लिहायची कायदा सक्ती करत नाही. शिवाय पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही.

दुपारी तीनला अर्ज ठाण्यात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, वेळ घेतली. पोच घेताना ठाणे अंमलदार कुरकुरले. सरांना वाटलं जाऊ दे. वकिलांनी जाऊ दिलं नाही. पुढे वर्षभर त्या शिक्क्याइतका उपयोगी कागद फाईलमध्ये दुसरा नव्हता.

गाडी तशीच्या तशी हजर केली. गॅरेजवाला सकाळीच आरसा बसवायला घेणार होता, नशिबाने स्पेअर आला नव्हता. अपघातग्रस्त गाडीची मोटार वाहन निरीक्षकाकडून तपासणी होते, आणि त्याआधी दुरुस्ती केली तर पुरावा पुसल्याचा संशय फुकट अंगावर येतो. एजंटाचा खांब त्याच दिवशी मागे घेतला. कंपनीला खरी हकीकत लेखी कळवली आणि आरशाचा क्लेम सोडून दिला.

गुन्ह्याची कलमं जामीनपात्र होती. नोटीस मिळाली, सर हजर झाले, जामीन झाला. कलम १२५(ब) लागलं कारण जिवाला धोका होईल अशी दुखापत ‘गंभीर’ ठरते. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

एका स्थानिक व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी फिरली ती ‘हिट अँड रन’ या नावाने. मोटार वाहन कायद्यात या शब्दाला ठरलेला अर्थ आहे: प्रयत्न करूनही ज्याची ओळख पटली नाही अशा वाहनाचा अपघात. त्यात मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये अशी ठरावीक भरपाई सरकारी योजनेतून मिळते. इथे गाडी माहीत होती, म्हणून तो मार्ग लागूच नव्हता. काकांचं काही बरंवाईट झालं असतं तर न्याय संहितेच्या कलम १०६ चा प्रश्न आला असता. १०६(१) मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा. अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारं १०६(२) मात्र जानेवारी २०२४ च्या चालकांच्या संपानंतर लागू केलं गेलं नाही. पेट्रोल पंपांवरच्या त्या रांगा आठवत असतीलच. चालकांमध्ये एक समज तेव्हापासून घट्ट बसला आहे की न कळवण्याचा कायदाच मागे घेतला. थांबवून ठेवलं गेलं ते फक्त १०६(२). कलम १३४ जिथल्या तिथे आहे.

पुढचं कागदी काम बऱ्याच चालकांना माहीत नसतं. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलीस ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवतात. चालकाने फॉर्म ३ आणि मालकाने फॉर्म ४ तपास अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत भरून द्यायचा असतो आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल जातो. प्रत्यक्षात तपास अधिकारी आठवण करून देईलच असं नाही. सरांनी फॉर्म ३ मध्ये पहिल्या अर्जातलीच हकीकत लिहिली. पुढे साक्षीपुराव्यात जबाबाजबाबात फरक काढायला कुणाला जागा उरली नाही.

काकांनी भरपाईचा दावा दाखल केला. रस्त्यावर घेतलेले तीन हजार आड आले नाहीत. डोक्यात रक्त साचतंय हे माहीत नसलेल्या माणसाने इंडिकेटरपोटी घेतलेले पैसे म्हणजे हक्क सोडणं नव्हे. विमा कंपनीने दोन मुद्दे मांडले: खबर उशिरा आणि आधी खोटी दिली, आणि हेल्मेट नव्हतं. पहिला मुद्दा जखमीविरुद्ध चालत नाही. तिऱ्हाईताच्या दाव्यात कंपनीला घेता येणारे बचाव कलम १५० मध्ये मोजून दिले आहेत, त्यात उशिरा खबर नाही. हेल्मेटचा मुद्दा भरपाईच्या घासाघिशीत वापरला गेला. तो किती ताणावा यावर मतं वेगळी आहेत, पण हेल्मेट नव्हतं म्हणून आरसा लागला असं तर कुणी म्हणू शकत नाही. शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली आणि रक्कम कंपनीने भरली. मिरजेचं बिल मात्र मुलाने आधी उसनवारी करून भरलं होतं. रस्ते अपघातातल्या जखमींना नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार देणारी केंद्राची योजना मे २०२५ मध्ये आली, काकांच्या अपघातानंतर.

दोषारोपपत्रात १३४(ब) नव्हतं, शिक्क्याच्या पोचेमुळे. १३४(अ) राहिलं, आणि त्यावर नकाराचा वाद कोर्टापुढे आहे. काका आणि त्यांचा मुलगा आता समेटाला तयार आहेत. १२५(ब) कोर्टाच्या परवानगीने जखमी मिटवू शकतो. कलम २८१, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर बेदरकार गाडी चालवणं, आपसात मिटवता येत नाही. तिथे दंड भरून गुन्हा कबूल करायचा की हायकोर्टात रद्द करून घ्यायला जायचं, हा सरांपुढचा प्रश्न आहे. दंड किरकोळ, पण कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि ती सेवापुस्तकात कशी उतरेल याची त्यांना धास्ती आहे. संस्थेच्या सचिवांना भेटून आल्यावर ते ठरवणार आहेत.